खिडकीतली वेणी

एकदा एका डोंगराळ मुलखात एक वृद्ध वाटाड्या राहत असे. शहरातून आलेल्या हौशी मंडळींना तो डोंगरमाथ्यावरच्या एका प्राचीन नगरीचे अवशेष दाखवायला नेई. परतताना पलीकडच्या अंगाने त्यांना उतरवून, रबरी होडीत बसवून, नदीच्या उसळत्या पाण्यातून पायथ्याच्या गावी आणून सोडी. सगळे या वाटाड्याला बाबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य तयार होत होता. चालायला काटक, पाण्यात तरबेज, आणि बोलायला लागला की ऐकणाऱ्याने दमणं विसरावं असा.

बाबांचे खांदे आता दुखू लागले होते. एका सकाळी निघताना ते शिष्याला म्हणाले, "आजची मंडळी तुझी. वर तूच बोल, खाली मागचं वल्हं तूच धर. मी नुसता बरोबर येतो. दिवस नीट गेला, तर या मोसमापासून होडी तुझी."

मागच्या वल्ह्यावर जो बसतो तोच होडीला वळण देतो, आणि तो ओरडेल तसं बाकीच्यांनी वल्हवायचं असतं. शिष्य कित्येक मोसम या शब्दांची वाट पाहत होता. त्या सकाळी त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

मंडळीही झकास मिळाली होती. रोज सकाळी बागेत जमून हसणारं एक मंडळ होतं ते. त्यात धान्याचा एक व्यापारी होता, अंगाने भरदार. त्याची बायको जाड भिंगांचा चष्मा लावी. पायथ्याच्या गावात तिने शेवंतीची ताजी वेणी घेऊन केसांत माळली होती.

"अजून किती रे?" व्यापाऱ्याने पहिल्याच चढावर विचारलं.

"हे वळण झालं की आलंच, शेठ," शिष्य म्हणाला.

वळणामागे वळण निघालं, त्यामागे आणखी एक. व्यापारी बाबांकडे वळला. "बाबा, तुम्ही सांगा. खरं किती?"

"आणखी एक रुमाल घामाने भिजेल एवढं."

"बघा!" व्यापारी ओरडला. "याला म्हणतात भाव सांगणं!"

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन कोवळंच होतं. आडवे पडलेले खांब, कोरडं टाकं, गवतात बुडालेल्या पायऱ्या, आणि कड्याच्या टोकावर अजून ताठ उभी असलेली एकच भिंत. भिंतीत एक खिडकी होती. खिडकीखाली खोल दरी, दरीत चकाकणारी नदी. सगळे आपोआप खिडकीपाशी गोळा झाले. शिष्याला वाटलं, हाच क्षण आहे.

"याच खिडकीत," तो हलक्या आवाजात म्हणाला, "राणी उभी होती. नगरीला वेढा पडलेला. राजा रणात पडल्याची वार्ता आली. शत्रू जिना चढत होता. तिने एकदा मागे वळून आपल्या महालाकडे पाहिलं, आणि..."

त्याने दरीकडे बोट केलं. पुढे बोलायची गरजच उरली नाही.

आता हे सांगायला हवं की राणी वगैरे काही नव्हती. त्या नगरीत कोण राहत होतं, ते का निघून गेले, हे कुणालाच ठाऊक नाही. तिथे कोरलेलं एक अक्षरही सापडलेलं नाही. पण हल्ली कुठल्याही पडक्या भिंतीपाशी एक राणी उडी मारायला तयारच उभी असते. सांगणारे तिला खुशाल ढकलतात, ऐकणारे हळहळतात, आणि ती बिचारी मुळात होती का, एवढं विचारण्याची तसदी कुणी घेत नाही. उलट जो विचारेल तोच अरसिक ठरतो.

इथेही कुणी विचारलं नाही. व्यापाऱ्याच्या बायकोचे डोळे भरून आले. तिने केसांतली वेणी सोडली, खिडकीच्या दगडावर ठेवली आणि हात जोडले. दुसरीने पिशवीतून कुंकवाची डबी काढली.

"इथे एक लहानशी देवळी हवी," व्यापारी म्हणाला. "फरशी माझ्याकडून."

शिष्याच्या मनात काहीतरी टोचलं. त्याने चोरून बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीच्या दगडावरून तळवा फिरवत उभे होते. बोलले काहीच नाहीत. शिष्याने ते मौन पसंतीचं मानलं.

नदीवर आल्यावर मंडळी पुन्हा खुलली. अंगात फुगीर जाकिटं, डोक्यावर हेल्मेटं. एकमेकांना पाहून आधी सगळे पोटभर हसले, मग शिष्याने आरोळ्या शिकवल्या. 'पुढे' म्हटलं की वल्हं पुढे मारायचं, 'मागे' म्हटलं की उलटं, 'खाली' म्हटलं की होडीच्या तळाशी बसायचं. सुरुवातीचं पाणी संथ होतं. व्यापाऱ्याने वल्ह्याने बायकोवर पाणी उडवलं. तिने परतफेड केली ती शेजारच्यांना लागली. मग कुणीच कोरडं राहिलं नाही.

एवढ्यात पुढच्या वळणाआडून खळाळाची, दगडांवरून उसळत उतरणाऱ्या पाण्याची, गर्जना ऐकू आली.

"काठाला घे," बाबा म्हणाले.

शिष्याने होडी काठाला लावली. बाबा उतरले, त्यांनी दोर एका जांभळीच्या बुंध्याला बांधला, आणि ते गाठीवर हात ठेवून बसले.

"आता राणीची गोष्ट पुन्हा सांग. मग दोर सोडतो."

"आत्ता? इथे?" शिष्य चक्रावला.

"इथेच."

"काय हो बाबा," व्यापारी म्हणाला, "पुढे पाणी गरजतंय आणि तुम्हाला गोष्टी सुचतायत!"

शिष्याने सुरुवात केली. "नगरीला वेढा पडला होता..."

"थांब रे जरा," व्यापाऱ्याची बायको म्हणाली. तिने चष्मा काढून पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड घट्ट वळलं. "आता मला सगळं धुकंच. तू मागे म्हणालास की मागे, खाली म्हणालास की खाली. तुझ्या आवाजाच्या भरवशावरच बसलेय मी. हं, सांग. मग त्या माउलीने काय केलं?"

शिष्याने पुढच्या वळणाकडे पाहिलं. तिथल्या खळाळाच्या मध्यावर, फेसाखाली, एक दगड होता. पुढे बसलेल्याला तो दिसत नाही. सगळ्यांचा जीव पुढे निसटायला उतावीळ झालेला असतो, नेमकं तेव्हाच 'मागे' म्हणावं लागतं. का, ते समजावून सांगायला तिथे वेळ नसतो. फक्त आरोळी असते. त्याने त्या चष्मा नसलेल्या, हसऱ्या, विश्वासाने वर केलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काहीच नाही केलं, बाई," तो म्हणाला. "राणी नव्हतीच. मी जुळवली ती. वर खिडकी होती, खाली नदी होती, म्हणून मधे राणी घातली."

मागचं वल्हं गेलं, हे शिष्याने मनाशी धरलंच.

"म्हणजे माझी देवळी?" व्यापारी म्हणाला.

"अहो, तुम्ही थांबा." बायको पुढे वाकली. "म्हणजे ती पडलीच नाही?"

"नाही."

"दुसरं कुणी?"

"कुणी पडल्याचं मला तरी माहीत नाही."

"अगं बाई!" तिने छातीवर हात ठेवला. "बरं झालं! मघापासून जीव नुसता कासावीस झाला होता माझा. एवढ्या उंचावरून ती पोर..." आणि ती हसायलाच लागली. हसणं हाच ज्यांचा रोजचा व्यायाम, ती मंडळी मागे राहतात थोडीच! होडी हेलकावे खाऊ लागली.

"लेका," व्यापारी डोळे पुसत म्हणाला, "हे पुढे-मागे तरी खरं आहे ना?"

"ते खरं आहे, शेठ. तिथल्या दगडावर मी स्वतः आपटलोय."

"मग हाक!"

बाबांनी गाठ सोडली आणि ते उडी मारून आत आले.

पाण्याने होडी उचलली. "पुढे! पुढे!" हिरवी लाट, पांढरी लाट, हेल्मेटांवर टाळ्या वाजवणारं पाणी. समोर मोकळी, गुळगुळीत घसरण दिसली आणि प्रत्येकाचे हात पुढे जायला शिवशिवले. "मागे!" शिष्य गरजला. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही. सगळी वल्ही एकदम उलटी पडली. डाव्या हाताला तो काळा दगड फेसातून डोकं काढून सरकत गेला. "खाली!" सगळे तळाशी. होडी हवेत गेली, धप्पकन उतरली, आणि शांत डोहात येऊन गोल फिरू लागली. व्यापाऱ्याची बायको तळाशी बसूनच ओरडत होती, "झालं? मला काही दिसलं नाही! पुन्हा चला!"

काठावर होडीतली हवा सोडताना शिष्याने विचारलं, "बाबा, वर तुम्हाला कळलं होतं. तिथेच का नाही बोललात?"

"तिथे बोललो असतो तर त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता," बाबा म्हणाले. "वल्हं तर तुझ्या हातात होतं. वर खोटं फुकट खपतं, म्हणून माणूस ते सोडत नाही. खळाळाच्या तोंडाशी आलं की कळतं, 'राणी' म्हणणारं तोंड आणि 'मागे' म्हणणारं तोंड एकच आहे."

"आणि मी पुन्हा तीच गोष्ट सांगितली असती तर?"

"काठाने पायवाट आहे. सगळ्यांना चालत नेलं असतं."

तेवढ्यात व्यापाऱ्याची बायको चष्मा पुसत आली. "आता खरं सांग रे. त्या खिडकीचं तुला काय माहीत आहे?"

शिष्याला बाबांचा दगडावरून फिरणारा तळवा आठवला. त्या दगडावरून त्याचाही हात पूर्वी फिरला होता. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

"खिडकीच्या दगडात शेजारी शेजारी दोन खळगे आहेत. अगदी गुळगुळीत. कोपर टेकून कुणीतरी बसत असावं, खूप दिवस. तिथून नदीचं वळण दिसतं. कोण बसायचं, कशासाठी, माहीत नाही."

ती खाली दगडावर बसली. गुडघ्यांवर कोपर टेकून, हनुवटी हातात धरून, बराच वेळ नदीकडे पाहत राहिली.

"मग वेणी असू दे तिथेच," ती म्हणाली. "बसणारीला."

बाबांनी दोर खांद्यावर टाकला आणि गावाची वाट धरली. मागचं वल्हं त्यांनी उचललं नाही. ते शिष्याच्या पायाशी पडलं होतं.