फवारलेला अर्धा वाफा

एकदा एक शिष्या आपल्या गुरूंवर मनातून भयंकर रागावली, आणि रागवायला कारणही तसंच होतं.

गुरू म्हणजे घेवड्याच्या वाणांवर हयात घालवलेले वृद्ध संशोधक. तांबेरा रोगाला दाद न देणारा एक घेवडा आणि त्याला हमखास बळी पडणारा दुसरा, यांचा शिष्येने संकर केला होता. त्यांची नातवंडं आता वाफ्यात उगवली होती. रोगाशी झुंजण्याचा गुण नेमक्या कोणत्या जनुकात वसतो, त्याचा ठावठिकाणा तिला काढायचा होता. होतं नव्हतं ते सगळं बी पेरलेलं. ही रोपं गेली तर सारी मेहनत पाण्यात. आणि रोपं तरी कशी? दृष्ट लागावी अशी तरारलेली.

एका सकाळी गुरू तांबेऱ्याने भरलेल्या पानांची पाटी घेऊन आले आणि ती पानं त्यांनी शांतपणे त्या रोपांवर झटकली. वर तिलाच पाणी शिंपडायला सांगितलं, म्हणजे रोग नीट धरेल!

झालं. शिष्येला अन्न गोड लागेना. ती बांधावरून नुसत्या येरझारा घाली, पानं उलटीपालटी करून बघे. पहिले पिवळट ठिपके दिसले तेव्हा तिचा धीर सुटला. गुरू जेवायला गेलेले पाहून तिने औषधाचा पंप पाठीला लावला. अर्धा वाफा फवारून होतो न होतो तोच गुरू परतले. ते रागावले नाहीत. पंप तेवढा तिच्या पाठीवरून उतरवून घेतला.

पुढे फवारलेला अर्धा हिरवागार राहिला. उरलेल्या अर्ध्यात काही रोपं तांबूस पुळ्यांनी माखली, तर त्यांना खेटून उभी असलेली काही स्वच्छ राहिली. गुरू तिला हिरव्या भागात घेऊन गेले आणि यातलं रोगाला पुरून उरणारं रोप कोणतं ते दाखव म्हणाले. ती ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली. सगळी सारखीच दिसत होती.

"अगं, जे कधी आजारीच पडलं नाही, ते बळकट की नुसतंच नशीबवान, हे कसं कळावं?" गुरू म्हणाले. "आजारी आणि निरोगी शेजारी ठेवले, तरच एकात आहे आणि दुसऱ्यात नाही असं काय, ते जनुकांत शोधता येतं. तू मायेनं फवारलंस खरं, पण या रोपांना बोलूच दिलं नाहीस."

"मग उरलेल्यावर भागेल, सर?" तिने विचारलं.

"एवढ्या थोड्या रोपांवरून त्या जनुकाचं गाव सापडेल. घर सापडायचं नाही."

औषधाचा अंमल उतरून हिरव्या भागात नवी पालवी फुटली, तेव्हा शिष्येने आपणहून आजारी पानं पाटीत खुडली. पाटी त्या हिरव्या रोपांवर झटकताना तिला रडू आलं. मग डोळे पुसून ती झारी भरायला गेली.