भिंगरूची सरळ रेघ

शाळेतली यंत्रं बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. एका प्रयोगशाळेत भिंगरू नावाचा चाकांचा रोबो होता. वर्तुळाकार गती शिकवायला वाघचौरे बाईंनी फरशीवर खडूने मोठं वर्तुळ काढलं, भिंगरूला त्याच्या रेघेवर सोडलं आणि बरोबर मध्ये सेन्सरला बसवलं. सेन्सर भारी तोऱ्यातला. समोरचा जवळ येतोय की लांब जातोय, एवढंच त्याला कळायचं, पण तो म्हणेल तेच पडद्यावर उमटायचं.

भिंगरू जीव खाऊन धावला. सेन्सर मान फिरवत त्याच्याकडे बघत राहिला. पडद्यावर मात्र सरळ आडवी रेघ.

"हा जागचा हललेला नाही," सेन्सरने जाहीर केलं.

"अहो, चाकं तापली माझी," भिंगरू धापा टाकत म्हणाला.

"जवळ आलास? नाही. लांब गेलास? नाही. मग हललास कुठे?"

रोबो बिघडला असं समजून मुलांनी त्याला ठेवायला अडगळीचं कपाट उघडलंसुद्धा. भिंगरूला त्या कपाटातल्या झुरळांची फार धास्ती.

"एकदा माझ्या पाठीवर बसून तर बघा," तो काकुळतीला आला.

बाईंनी सेन्सरला त्याच्या पाठीवर चिकटवलं. भिंगरूने असा वेग घेतला की सेन्सरचे डोळे पांढरे झाले. पडद्यावरची रेघ उड्या मारू लागली. मुलांनी टाळ्या पिटल्या आणि कपाट बंद झालं.

सेन्सर उतरला तो भेलकांडतच.

"आता तरी पटलं?" भिंगरूने विचारलं.

"पटलं तर. भिंती हलतात, बाकं पळतात, बाईसुद्धा सारख्या ये-जा करतात. पण तू? माझ्यापासून तसूभरही सरकला नाहीस."