कुरणेबाईंची खुर्ची

थोरबोले डेअरीत रोज दुपारी दूध नासायला लागलं आणि गवळी दुसरीकडे वळू लागले, तेव्हा चेअरमन अप्पासाहेबांनी शहरातून सल्लागार बोलावल्या, वासंती कुरणे. बाईंनी नोकरी सोडली होती. डोक्यावर साहेब नाही म्हणून त्या खूश होत्या, आणि पुढचं काम कुठून येणार ठाऊक नाही म्हणून काळजीत.

दोन दिवस त्या फिटर भिवाबरोबर डेअरीभर हिंडल्या आणि एका ओळीत अहवाल दिला: "दूध गार करायचं मशीन उन्हात आहे आणि चेअरमनसाहेबांची केबिन सावलीत. जागा बदला."

अप्पासाहेब भर मीटिंगमध्ये कडाडले, "अहो, हे तर आमचा भिवा तीन वर्षं बोंबलतोय! यात तुमचं काय?"

"खुर्ची," बाई म्हणाल्या. "भिवाला तुम्ही दारातच उभं ठेवलंत. मला बसवलंत, चहा पाजलात, म्हणून तेच बोलणं तुम्हाला ऐकू आलं. उद्यापासून त्याला बसवा."

सगळे खो खो हसले. अप्पासाहेबांनी भिवाला खुर्ची दिली. मशीन सावलीत गेलं, दूध टिकू लागलं.

सल्ला इतका लागू पडला, की डेअरीला सल्लागार लागेनासा झाला आणि कुरणेबाई नवं काम शोधायला लागल्या.