सगुणाआजीचा विस्तव

एकदा काय झालं, डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तेव्हा काड्यापेटी नव्हती, बरं का. गॅस तर नव्हताच नव्हता. मग सकाळी चूल पेटवायची कशी? तर सगळ्या गावाचा विस्तव राखायची एकच म्हातारी, सगुणाआजी. रात्री ती निखाऱ्यांवर राख पसरायची, मी तुम्हाला पांघरूण घालते ना, अगदी तसं.

सकाळी बायका गोवरीचा तुकडा घेऊन दारात यायच्या. "आजी, विस्तव द्या." आजी तोंडाची फटकळ. "काल दिला तो काय खाल्लास?" असं म्हणायची आणि चिमट्यानं निखारा उचलून गोवरीवर ठेवायची. पण आलेली बाई लगेच जायची नाही. कुणी घागर भरून ठेवायची. कुणी चार लाकडं आणून टाकायची. कुणी आजीचे केस विंचरायची, कारण आजीचे हात वर जात नसत. ह्याला कुणी मदत म्हणत नसे. विस्तवाला आल्या होत्या, जाता जाता केलं. काय दिवस होते ते!

मग एकदा गावात एक फेरीवाला आला. त्याच्या झोळीत जादूच्या गारगोट्या होत्या. घासली की भडका. मूठमूठ जोंधळे घेऊन त्यानं घरोघर एकेक गारगोटी दिली आणि गेला निघून. दुसऱ्या दिवशी आजीच्या दारात कुणीच आलं नाही. गाव काही वाईट नव्हतं, बरं का. प्रत्येकीला वाटलं, दुसरी गेली असेल.

आजी उंबऱ्याकडे बघत बसली. केसांचा गुंता झाला. घागर तळाला गेली. मग लाकडंही संपली. हाक मारली असती तर शेजार धावून आला असता. पण आजीला देणं ठाऊक होतं, मागणं ठाऊक नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. गरज सरो वैद्य मरो, म्हणाली, आणि डोळे पुसले.

तेवढ्यात चुलीतून बारीक आवाज आला. "आजी, मी विझू का?" निखारा बोलत होता.

"विझतोस कुठं मेल्या? उद्या येतील ना त्या," आजी म्हणाली. आणि तिनं बसायचा पाट चुलीत घातला. दुसऱ्या दिवशी निखाऱ्यानं पुन्हा विचारलं, मग तिनं भाकरी थापायची काठवट घातली. तिसऱ्या दिवशी घरात उरली एकच लाकडी वस्तू, तिची काठी. आजीनं तीही घातली. काठी गेली तशी आजी बसली तिथंच राहिली.

इकडे गावात काय झालं? गारगोटीचा जाळ दिसायला झकास, पण त्याला ऊबच नव्हती. भाकरी फुगेना, दूध तापेना, पोरं शेकायला बसली तरी कुडकुडत राहिली. मग लोकांनी लाकडं बदलली. काही होईना. चुली नव्यानं घातल्या. काही होईना. देवीला नारळ फोडला. तरी काही होईना. शेवटी पाटलांची सून कावेरी म्हणाली, "मामंजी, सगुणाआजीकडे कोण जातंय हल्ली?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

मग धावलं सारं गाव. बघतात तर आजी भिंतीला टेकलेली, आणि चुलीत बोराएवढा एकच निखारा. पाटील म्हणाले, "आजी, तुम्हाला आता दगदग नको. विस्तव आमच्या घरी ठेवू. तुमचं ताट गड्याबरोबर येत जाईल." पाटलांनी निखारा चांदीच्या शेगडीत घेतला. उंबऱ्यापाशी तो काळा पडला. परत चुलीत ठेवला, तर लाल झाला. पितळेच्या शेगडीत घेतला, मातीच्या खापरात घेतला, तेच. उंबरा काही ओलांडेना.

मग कावेरीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती आजीच्या मागं जाऊन बसली. "आजी, विस्तवाचं राहू दे. केसांचा काय गुंता झालाय हा," म्हणाली, आणि विंचरायला लागली. कुणी घागर घेऊन विहिरीवर गेली. कुणी लाकडं आणली. आणि काय सांगू, चूल आपोआप भडभडून पेटली. घर उबेनं भरलं. मग प्रत्येकीनं गोवरीवर विस्तव नेला आणि तो प्रत्येक उंबरा सुखानं ओलांडून गेला.

पाटलांनी विचारलं, "आजी, ह्या गारगोट्या नदीत टाकू का?"

"कशाला? पावसापाण्यात उपयोगी पडतील," आजी म्हणाली. आणि जन्मात कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली. "पण सकाळी येत जा गं."

तेव्हापासून घरात जाळ असला तरी बायका आजीकडे विस्तव मागायला जायच्याच. आजीला नवी काठी आली. पुढं आजी सुखानं आणखी म्हातारी होऊन देवाघरी गेली, तेव्हा तिचा विस्तव गावातल्या तिच्या खालोखाल म्हाताऱ्या माणसाच्या चुलीत ठेवला. मग त्याच्यानंतरच्या. अजून तो विझलेला नाही म्हणतात.

आता मला सांगा, तुमची आई रोज संध्याकाळी वाटी घेऊन पलीकडे एकट्या राहणाऱ्या इंदूमावशींकडे विरजण मागायला जाते की नाही? आपल्या घरात दही असतं, मी पाहिलंय.

चला, मिटा डोळे. राख पसरली मी.