आधी बिस्मिल्ला, नंतर आमेन

“आणि शंका आली तर कुणाला विचारायचं, अम्मा? तुमच्या किताबात काय सांगितलंय?”

कुलसूमअम्मा खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून जरा आठवल्यासारखं केलं.

“तुमच्या आधीपासून जे किताब वाचत आलेत, त्यांना विचारा, असं आहे.”

“बघा.”

“काय बघू?”

“आधीपासून वाचत आलेले म्हणजे कोण? आम्हीच की.”

एवढं बोलून सुवार्ताबाई थांबल्या. जालन्याच्या शिबिरात सांगितलंच होतं, हे वाक्य टाकलं की थांबायचं. समोरच्याला विचार करू द्यायचा.

अम्मांनी विचार केला.

“चहा घेशील ना?” त्या म्हणाल्या. “मग तूच टाक. माझ्यात साखर नको.”

सुवार्ताबाई उठल्या आणि चहा टाकायला गेल्या. भांडं कुठं, पत्तीचा डबा कुठं, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

सुवार्ता पाटोळे म्हणजे शेवगावच्या चर्चमधल्या संडे स्कूलच्या बाई. चाळिशी ओलांडलेली. आवाज खणखणीत, वचनं तोंडपाठ, आणि ती तोंडपाठ आहेत हे आल्यागेल्याला कळावं, एवढा एकच सोस. मुसलमान शेजाऱ्यांशी येशूविषयी कसं बोलावं, याचं शिबिर जालन्याला भरलं तेव्हा बाई पहिल्या रांगेत होत्या. डोक्यावर पदर घ्यावा. धर्मग्रंथ जमिनीवर ठेवू नये. पुढं केलेलं खाणं नाकारू नये. बाईंनी सगळं मन लावून ऐकलं.

ज्या घरात त्या रांगायला शिकल्या, त्या घरात कसं बसायचं हे त्या जालन्याला जाऊन शिकून आल्या.

कारण सुवार्ताबाईंची आई दीना त्यांच्या बाळंतपणातच गेली होती, आणि शेजारच्या कुलसूमबींनी या लेकराला आपल्या अंगावरच्या दुधावर वाढवलं होतं. स्वतःचा रफीक तेव्हा मांडीवरच होता. एका मांडीवर तो, दुसरीवर ही. गल्लीतल्या मुली अम्मांकडे कुराण वाचायला शिकायला यायच्या. अम्मा त्यांच्या उस्तानी, आणि सुवार्ताबाई त्यांच्या आपा, म्हणजे ताई. कुणाला त्यात काही वेगळं वाटत नसे.

आठवड्यापूर्वी अम्मांना दवाखान्यातून घरी आणलं. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, जपा.

ते ‘जपा’ ऐकून सुवार्ताबाईंना घाम फुटला. आणि आज दुपारी, मुली धडा वाचून घरी गेल्यावर, त्या बायबल घेऊन हजर झाल्या.

सुवार्ताबाई चहाचे कप ठेवत होत्या, तेव्हा अम्मांनी कोनाड्याकडे पाहिलं.

“आज अगदी वर ठेवलंस तुझं बायबल? एरवी भाजीच्या पिशवीत असतं.”

“पिशवी धुतलेली असते, अम्मा.”

“मी कुठं काय म्हटलं?”

सुवार्ताबाईंनी घसा साफ केला. पदर पुढं ओढला.

“तुमच्याकडं येशूला, म्हणजे ईसाला, काय म्हणतात? कलमतुल्ला.”

“कलिमतुल्लाह. सावकाश म्हण. घाईनं म्हटलं की मधलं सांडतं.”

“कलिमतुल्लाह.”

“हां. पुढं?”

“म्हणजे देवाचा शब्द. आता मला सांगा, ज्याचा शब्द, त्याच्यापासून तो वेगळा असतो का?”

“चांगलं बोललीस. पण रूह सांगायची राहिली.”

“काय?”

“त्याच्याकडून आलेली रूह, आत्मा, असंही म्हटलंय ईसांना. शब्द आणि रूह जोडीनं घे. एकटा शब्द घेतलास की जोर कमी पडतो.”

समोरचा चिडला तर काय करायचं, दार लावून घेतलं तर काय करायचं, हे शिबिरात शिकवलं होतं. समोरची बाई मदतच करायला लागली तर काय करायचं, यावर कुणी बोललं नव्हतं.

“तुम्ही माझ्या बाजूनं बोलताय की विरुद्ध?”

“मी उस्तानी आहे. धडा अर्धा सोडला की माझ्यानं बघवत नाही.”

“मग मान्य आहे तुम्हाला?”

अम्मांनी बशीत चहा ओतला. फुंकला.

“ईसा अलैहिस्सलामला मी मानते. त्यांच्या अम्मीला मानते. मुलींना मरियमचा धडा द्यायची वेळ आली की दरवेळी माझा आवाज जातो. एकटी बाई, झाडाखाली, कळा लागलेल्या... आणि जवळ पाणी द्यायलाही कुणी नाही. मुली वाचतात, मी डोळे पुसते.”

“मग?”

“मग काय? मोठे पैगंबर आहेत. पण खुदाचा बेटा म्हणशील तर नाही म्हणेन. खुदाला लेकरू नसतं, पोरी.”

“तसं लेकरू नव्हे, अम्मा. रक्तामांसाच्या नात्याचं नव्हे.”

“मग कसलं?”

यावर शिबिरात एक अख्खी सकाळ गेली होती. त्यातलं एक वाक्य बाईंना आठवेना. वचनं तोंडपाठ असणाऱ्या बाई, आणि ऐन वेळी पाटी कोरी. मग तोंडाला आलं ते त्या बोलून बसल्या.

“आता मी नाही का तुमची लेक? तुमच्या पोटची कुठंय?”

अम्मा हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. सुवार्ताबाईंनी पाठ चोळली, पाणी दिलं, आणि मनातल्या मनात शिबिरवाल्यांची माफी मागितली.

“खुदाची आणि माझी बरोबरी?” अम्मा ठसक्यातून म्हणाल्या. “मला सकाळच्या भाजीत मीठ घातलं की नाही, ते आठवत नाही.”

“नव्हतं घातलं.”

“बघ.”

दोघी जरा वेळ चहा पीत राहिल्या.

“बरं,” अम्मा म्हणाल्या, “तू म्हणतेस, आधीपासून वाचत आलेल्यांना विचारा. मग विचारू का?”

सुवार्ताबाई ताठ झाल्या. अशीच वेळ येते, असं सांगितलं होतं. मन आपोआप उघडतं, आपण फक्त तयार असायचं.

“विचारा ना.”

“तुला छातीशी लावायच्या आधी मी काय म्हणायचे?”

“...बिस्मिल्ला म्हणत असाल.”

“दरवेळी. रफीकला घेताना म्हणायचे, मग तुला घेताना दुसरं काय म्हणणार? आणि तुझा बाप कुठं असायचा?”

“कामावर.”

“ओट्यावर. भिंतीकडं तोंड करून उभा.”

सुवार्ताबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचे वडील शमुवेल मास्तर म्हणजे फार कडक माणूस. जेवणाआधी प्रार्थना लांबली तरी ताटातल्या भाकरीकडं कुणी बघायचं नाही, असा त्यांचा कायदा.

“पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या सासूला बाहेरूनच विचारलं. म्हणाला, मावशी, पोरीचं दूध पिऊन झालं की मी इथून आमेन म्हटलं, तर तुमची काही हरकत? सासू म्हणाली, पोर तुझी आहे, म्हण की. फक्त हळू म्हण, दोन्ही लेकरं निजतात.”

“मला कधी बोलले नाहीत ते.”

“कशाला बोलंल? आतून माझं बिस्मिल्ला. मग जरा वेळानं ओट्यावरून त्याचं आमेन. रोज. शाळेत जाताना आणि येताना, जमंल तेव्हा. कधी तू पिता पिताच झोपायचीस. त्याला बाहेर कसं कळणार? तो आपला भिंतीकडं बघत उभा. मग मी तांब्यावर वाटी वाजवायला लागले.”

“वाटी?”

“वाटी वाजली की आमेन. मग तो शाळेत जायचा.”

सुवार्ताबाई ओट्याकडं बघायला लागल्या. तिथं आता रफीकच्या चपला होत्या आणि वाळत घातलेल्या मिरच्या. त्यांना वाटलं, उठावं आणि त्या भिंतीला हात लावून यावं. एका पुरुषमाणसानं उन्हात, गल्लीच्या लोकांदेखत, भिंतीकडं तोंड करून वाटी वाजायची वाट बघावी... आणि एका बाईनं त्याच्यासाठी आठवणीनं वाटी वाजवावी. त्यांना दोघांचेही पाय धरावेसे वाटले. एकाचे आता धरता येत नव्हते. दुसरे समोर होते, सुजलेले, रजईतून बाहेर आलेले. बाईंनी रजई नीट केली.

“आता तू सांग,” अम्मा म्हणाल्या. “तू आधीपासून वाचणारी. आधी बिस्मिल्ला, नंतर आमेन. मधे जे तुझ्या पोटात गेलं, ते कुणाच्या नावाचं?”

सुवार्ताबाईंनी कोनाड्यातल्या बायबलकडं पाहिलं.

...

“शिबिरात नाही झालं हे?”

“नाही.”

“पुढच्या खेपेला विचार. त्यांनाही जरा काम.”

“तुम्ही चेष्टाच करा माझी.”

“दूध पाजलंय, तेवढा हक्क आहे.” अम्मांनी बशी बाजूला सरकवली. आवाज खाली आणला. “आता खरं बोल, सुवार्ते. इतकी वर्षं या घरात जेवलीस, भांडलीस, तापात माझ्या कुशीत झोपलीस. ईसाचं कधी काढलं नाहीस. आजच काय झालं?”

“डॉक्टर म्हणाले...”

“डॉक्टर जपा म्हणाले. मी ऐकलंय. मग?”

सुवार्ताबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. संडे स्कूलमध्ये एखाद्या पोरीनं असं केलं की त्या तिला हात खाली करायला सांगत.

“मला तुम्ही तिथं पाहिजे आहात, अम्मा.”

“कुठं?”

“प्रभूच्या घरी. वर.” बाईंचा खणखणीत आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. “आई तिथं आहे. तिचा एक फोटोसुद्धा नाही. मी गेले आणि तिथं बाया उभ्या असल्या, तर त्यातली माझी आई कुठली? आणि तिनं तरी मला कसं ओळखायचं? ती गेली तेव्हा मी एवढीशी. आता मी ही अशी, चष्मा लागलेली, केस पिकलेली. तिच्याहून म्हातारी.”

अम्मा खाटेवर जरा पुढं सरकल्या.

“आम्हा दोघींना ओळखणाऱ्या तुम्ही एकट्याच उरलात. माझे वडील गेले, तुमच्या सासूबाई गेल्या. तुम्हीच तिथं नसलात, तर मला कोण दाखवणार, ही बघ, ही तुझी आई?”

एवढं बोलून बाईंनी पदर तोंडाला लावला. रडावं की नाही, याबद्दल शिबिरात काहीच सूचना नव्हती.

...

कुलसूमअम्मांनी हात पुढं केला. लेकीचा चष्मा काढून खाटेवर ठेवला. हनुवटी धरली, चेहरा दाराच्या उजेडाकडं वळवला आणि बघत राहिल्या. कपाळ बघितलं, कान बघितले. नाकाशी आल्यावर जरा हसल्या.

“काय बघताय?”

“गप्प बस.”

पुन्हा बघितलं. मग आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. नाकही पुसलं, लहान लेकराचं पुसावं तसं, जरा जोरातच.

“दीनाच्या उशाशी मीच होते,” त्या म्हणाल्या.

“माहीत आहे.”

“तिला समजलं होतं. दाई काही बोलली नव्हती, तरी समजलं होतं. तिनं तुला स्वतःच्या हातानं उचललं. मी धरायला गेले, तर म्हणाली, थांब. मग डोळे भरून तुला बघितलं.”

“मला बघितलं?”

“तर. आणि मला एकच विचारलं. कुलसूम, तुझ्या अंगावर दूध पुरंल का?”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, पुरंल.”

“मग?”

“मग तिनं तुला माझ्या ओटीत ठेवलं.”

सुवार्ताबाईंना चष्म्याशिवाय अम्मा नीट दिसत नव्हत्या. नुसता पांढरा पदर आणि त्यातून येणारा आवाज. एवढं त्यांना पुरत होतं. त्यांनी आपलं डोकं अम्मांच्या मांडीवर टेकवलं. शिबिराच्या नियमांत हे बसणार नव्हतं, पण जालना लांब होतं.

“म्हणजे तू आमच्याकडं अमानत आहेस,” अम्मा त्यांच्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या. “कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली. अमानत ज्याची, त्याच्या हातात नेऊन द्यावी लागते. त्यातून आम्हाला सुटका नाही. मला दारापर्यंत यावंच लागणार.”

मग सुवार्ताबाईंमधली संडे स्कूलची बाई हळूच जागी झाली.

“आणि दारावर अडवलं तर, अम्मा?”

कुलसूमअम्मांनी चष्मा उचलला, पदराला पुसला आणि त्यांच्या हातात दिला.

“तर बाहेरूनच हाक मारीन. दीना माझ्या एका हाकेत बाहेर यायची.”