भुंग्याची एकादशी

“आणि पाणी? पाण्यालाही तोंड लावलं नाही त्यानं?”

परगावाहून मठात परतलेल्या गोसावीबुवांनी खांद्यावरची झोळीसुद्धा अजून उतरवली नव्हती.

“थेंब नाही!” त्यांचा शिष्य अच्युत छाती फुगवून म्हणाला. “निर्जळी एकादशी, बुवा! काल दशमीलाही एकभुक्त होता. माणसांना जमत नाही ते आपल्या कुत्र्यानं करून दाखवलं.”

मठाच्या ओसरीवर भुंग्या पडला होता. बुवांनी पिल्लापासून वाढवलेला, आणि बुवा गावाला गेले की अच्युतच्या हवाली असलेला. आज त्याच्या गळ्यात झेंडूची माळ होती, कपाळाला गुलाल, अंगावर कुणीतरी पांघरलेली भगवी शाल. सकाळपासून बायाबापड्या त्याच्या पाया पडत होत्या आणि अच्युत प्रत्येकीला त्याच्या व्रताची कथा सांगत होता, दर खेपेला थोडी वाढवून.

बुवा खाली बसले. शाल ओढून भिरकावली. माळ तोडली.

“बुवा! लोक बघतायत…”

“बघू देत. थरथरतोय तो. डोळे फुटले का तुझे?”

“भक्तीचा कंप आहे तो, बुवा. पोथीत सांगितलंय, भाव जागा झाला की…”

“गप्प!”

अच्युतच्या मस्तकात सणक गेली. इतकी वर्षं सेवा केली आणि एका कुत्र्यापायी चारचौघांत असा पाणउतारा?

“नाक ओलं आहे त्याचं,” तो फणकारला. “सकाळीच बघितलंय मी. नाक ओलं म्हणजे कुत्रं ठणठणीत. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं एवढं.”

बुवांनी त्याचं मनगट धरलं आणि हात भुंग्याच्या कानावर दाबला.

अच्युतनं हात मागे ओढून पाहिला. बुवांनी सोडला नाही. कान तव्यासारखा तापला होता. मग तोच हात त्यांनी भुंग्याच्या जांघेत नेला. तिथंही तीच धग. कान उलटला तर आत टम्म फुगलेल्या गोचड्या.

“ताप…” अच्युत पुटपुटला. मग एकदम उठला. “माझ्याकडे गोळी आहे. अर्धी देतो, लगेच उतरेल.”

गोळी घेऊन आला, तर बुवांनी हातावर फटका मारून ती उडवली.

“माणसाची गोळी कुत्र्याला? जीव घेतोस का त्याचा, गाढवा? उपरणं भिजव. साध्या पाण्यात.”

सोवळ्यातलं रेशमी उपरणं. अच्युत घुटमळला. बुवांनी ते त्याच्या खांद्यावरून खेचलं, घागरीत बुडवलं आणि भुंग्याच्या पंज्यांवर, पोटावर फिरवलं.

“उचल आता. दवाखाना बंद व्हायच्या आत टेकडी उतरायची आहे.”

“पण बुवा, संध्याकाळी माझं प्रवचन…”

बुवा ओसरीच्या पायऱ्या उतरू लागले.

अच्युतनं भुंग्याला उचललं.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी शेपटी वर करून थर्मामीटर लावला. आकडा बघितला, पांढऱ्या पडलेल्या हिरड्या बघितल्या आणि त्या कडाडल्याच. “गोचीडताप आहे हा! दोन दिवस जनावर धड खात नाही आणि तुम्ही माळा घालताय? उद्यावर ढकललं असतं तर हाती लागलं नसतं!”

सुई टोचली. सलाईन लागलं. बुवा, अच्युत आणि डॉक्टरबाई, तिघंही धुमसत बसून राहिले.

दिवेलागणीला भुंग्यानं मान उचलली. वाटीतलं पाणी लपलप प्यायला आणि पुन्हा निजला.

अच्युतच्या डोळ्यांना धार लागली. आता राग बुवांचा नव्हता, स्वतःचाच होता. मूठ आवळून त्यानं आपल्याच मांडीवर मारली.

“मी पापी आहे, बुवा! भुंग्या जेवत नाही तोवर मीही अन्नपाण्याला शिवणार नाही. सगळ्या गावासमोर सांगून करणार हे प्रायश्चित्त!”

बुवांनी झोळीतली भाकरी काढली. भर एकादशीला तिचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्यापुढे धरला. दुसऱ्या हातानं त्याच्या कानाची पाळी चाचपली.

“खा…” ते म्हणाले. “तुझाही गरम लागतोय.”