नदीची निळी ओटी

एका राज्यात एक नदी वाहत होती, नाव तिचं शेवंती. वरच्या अंगाला राजाचं नगर, नगराला लागून रंगाऱ्यांची आळी, आणि दोन दिवसांच्या वाटेवर खाली केवडी नावाचं गाव. आळीतल्या दौलती रंगाऱ्याची सून चांगुणा. केवडी तिचं माहेर. सासर वर, माहेर खाली, मधे पाणी एकच.

रंगाऱ्यांची एक रीत होती बरं का. कापड रंगवून झालं की रांजणाच्या तळाशी उरलेला रंग कुठं भलतीकडे टाकायचा नाही, नदीच्या ओटीत घालायचा. घरची सून पदर खोचून घाटावर जाई, रांजण रिता करी आणि म्हणे, "बाई, आमचं उरलं ते तुझं." मंजिष्ठेचं पाणी, हळदीचं पाणी, पळसफुलांचं पाणी. नदी ते घटकाभर अंगावर मिरवी आणि पुढच्या वळणाला पुसून टाकी. सात पिढ्या असंच चाललं. कुणाचं काही बिघडलं नाही.

पुढं काय झालं, मणिधर राजानं एके दिवशी आपला झेंडा पाहिला. उन्हानं विटलेला. राजा हट्टाला पेटला. डोंगरावर अंजनसिद्ध नावाचा मायावी राहत होता, त्याला बोलावून म्हणाला, "मला न फिटणारा रंग दे." सिद्धानं आपल्या जुन्या खजिन्यातला मुठीएवढा खडा दिला. रांजणात टाकला की पाणी मोराच्या मानेसारखं निळं होई आणि खडा तसूभरही झिजत नसे. झेंडे निळे झाले, पागोटी निळी झाली, हत्तीच्या झुली निळ्या झाल्या. आणि आळीतल्या सुना रीतीप्रमाणं उरलेलं पाणी नदीला वाहत राहिल्या. चांगुणाही वाहत राहिली. हात जोडून, मनापासून.

एका सकाळी ती घाटावर रांजण कलता करणार, तोच दगडावर टिटवी येऊन बसली.

"चांगुणे, थांब. तुझी आई म्हणाली, पोरीला सांगू नकोस. म्हणून सांगायला आले."

"काय झालं आईला?"

"आधी मासे पोट वर करून वाहत आले. मग काठच्या विहिरींना निळी झाक आली. रानात माती पांढरी फुटली. वांगी दिसायला टपोरी, खायला कडू. माझी अंडी तीन विणींना निळी निघाली, आत पिल्लू नाही. आता माणसांवर आलंय. निळं नखाला लागतं, नखातून मनगटाला, मनगटातून कोपराला. काळजाला पोचलं की माणसाचा दगड होतो. तुझ्या आईला खांद्यापर्यंत आलंय."

चांगुणानं हातातल्या रांजणाकडे पाहिलं. ओठावर आलेलं "तुझं" तिनं गिळलं. रांजण तसाच घरी परत नेला, आणि त्याच पावली डोंगर चढली.

अंजनसिद्ध गुहेच्या तोंडाशी बसला होता. टिटवी आधीच पोचली होती, त्यामुळं त्याला काही सांगावं लागलं नाही.

"राजानं न फिटणारा रंग मागितला," तो म्हणाला. "कशातून न फिटणारा, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. कापडातून फिटत नाही, तसा पाण्यातून फिटत नाही, मातीतून फिटत नाही. त्याचा आता शाप झालाय, आणि तो मलाही मोडता येत नाही."

"मग कुणाला येतो?"

"ज्यानं त्यानं आपापला मोडायचा. तीन कामं आहेत. ज्याच्या हुकमानं खडा पाण्यात पडला, त्याच्याच हातानं तो बाहेर यावा. ज्यांनी ओटी भरली, त्यांनीच ती परत घ्यावी. आणि ज्या मातीनं विष प्यायलं, तिचं पीक तीन सालं कुणी तोंडी लावू नये. यातलं एकही काम तुझं एकटीचं नाही. तू फक्त करवून घे. ते जास्त अवघड."

चांगुणा दरबारात गेली. राजानं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्यानं खाली कधी पाहिलं नव्हतं इतकंच. म्हणाला, "सेवक पाठवतो." सेवकानं आळीत येऊन खड्याच्या रांजणात हात घातला, खडा जात्याएवढा जड झाला. सेनापतीनं घातला, डोंगराएवढा झाला. मग राजा स्वतः आळीत आला, बाही सावरली, आणि रांजणाच्या काठाशी थबकला.

"माझा हात जन्मभर निळा राहील."

"राहील, महाराज," चांगुणा म्हणाली. "माझ्या आईला कुणी आधी विचारलं नव्हतं."

राजा खाली बघत राहिला. मग त्यानं हात घातला. खडा बोरासारखा हलका वर आला. सिद्धानं तो खजिन्यात नेऊन ठेवला आणि दारावर शिळा लोटली. राजाचा हात मनगटापर्यंत निळा झाला, तो पुढं तसाच राहिला. तिकडं केवडीत आईच्या खांद्यावर चढलेलं निळं जागच्या जागी थांबलं. थांबलं, उतरलं नाही.

दुसरं काम घरचं होतं, म्हणून जास्त दुखरं. आळीतले सगळे रांजण अजून त्या निळ्या पाण्यानं काठोकाठ होते. दौलती रंगारी देवभोळा.

"सूनबाई, आपण ओटी बंद केली तर नदी कोपेल."

"मामंजी, ओटीत कुणी विंचू घालतं का?"

"आम्हाला काय ठाऊक होतं."

"मलाही नव्हतं. माझ्या आईच्या तोंडात मीच ओतत होते, ते पण हळदकुंकू वाहून."

म्हाताऱ्यानं रांजणावर झाकण ठेवलं. मग पोरांना म्हणाला, "कुदळी आणा." आळीतल्या प्रत्येक घरानं घाटाच्या वर एकाखाली एक सात खड्डे खणले. तळाला चिकणमाती चोपली, म्हणजे पाझरायला नको. एकात खडी, एकात वाळू, एकात कोळसा, पुढच्यांत लव्हाळा आणि पाणकणीस. रांजणातलं पाणी पहिल्यात सोडायचं, सातव्यातून निघेल तेवढंच नदीला. एकानं आळस केला, सहाच खणले. टिटवीनं त्याच्या पाण्यात पाय घातला आणि वर घेतला. "चटकतंय. खण." त्यानं मुकाट्यानं सातवा खणला. खड्ड्यांत बसलेला निळा गाळ डोंगरातल्या दगडी पेवात, कोठीसारख्या खोल खड्ड्यात, बंद झाला. पुढच्या पावसाळ्यात नदीनं आपलं अंग घासून काढलं, आणि आईचं निळं कोपरापर्यंत उतरलं.

तिसरं काम केवडीचं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाच सगळ्यात जास्त भोगायचं होतं. राजा म्हणाला, "तीन सालं केवडीची चूल माझ्या कोठारावर." धान्य येऊ लागलं, पाणीही वरच्या झऱ्यावरून बैलगाड्यांनी येऊ लागलं. गावानं रानात मोहरी पेरली, बांधांना वाळ्याचं गवत लावलं. ही पिकं विष चोखून अंगात घेतात. ती सगळी उपटून गावाबाहेर चिकणमातीनं लिंपलेल्या पेवात पुरायची. गुरांना नाही, चुलीला नाही.

दुसऱ्या साली मोहरी गळ्याएवढी आली. पिवळं रान पाहून चांगुणाच्या भावाचा, म्हादबाचा, जीव खालीवर झाला.

"आई, एवढं सोनं मातीत घालायचं? एक घाणा तरी तेल काढू."

"काढ की," आई म्हणाली. "आणि पहिली फोडणी तुझ्या लेकाच्या पानात वाढ."

म्हादबानं विळा खाली ठेवला आणि पेव खणायला घेतलं.

पहिल्या सालानं निळं मनगटावर आणलं, दुसऱ्यानं बोटांवर. तिसरं पीक पुरलं तेव्हा बाकी गावाची नखं नितळली, आईच्या हाताच्या एकाच नखात निळं उरलं. पण उरलं. शाप मोडला की नाही, कुणाला सांगता येईना. सिद्धाला विचारलं तर तो म्हणाला, "खाल्ल्याशिवाय मातीला विचारता येत नाही."

त्या रानात मग माठाची भाजी पेरली. महिन्याभरात लाल कोवळी पानं वर आली. आईनं स्वतः खुडली, कढईत परतली, ताटलीत काढली. अंगणात राजा होता, दौलती होता, आळीतल्या सुना होत्या, कुडावर टिटवी होती. चांगुणानं ताटली धरली.

"आधी मी खाते."

"तू सासुरवाशीण. तुला काही झालं तर तुझ्या घरी काय तोंड दाखवू? सोड."

आईनं ताटली ओढून घेतली आणि घास तोंडात घातला. सगळ्यांचे डोळे तिच्या नखावर. म्हातारी सावकाश चावत होती. नखातलं निळं कडेला सरकलं, टोकाशी आलं, आणि पिकल्या पानासारखं गळून मातीत पडलं.

"आई," चांगुणा म्हणाली, "कशी आहे?"

"मीठ कमी पडलंय," आई म्हणाली. "आणि उभ्या काय राहिल्यात सगळ्या, पानं मांडा. राजालाही भूक लागली असेल."

त्या दिवशी केवडीच्या रानातलं राजानं निळ्या हातानं खाल्लं, रंगाऱ्यांनी रंगलेल्या हातांनी खाल्लं, आणि दोन वेळा मागून घेतलं.

अशी ही शेवंतीकाठची गोष्ट. ऐकणाऱ्याच्या घागरीला नितळ पाणी, आणि सांगणारीच्या घशाला त्यातलंच घोटभर.